गिनती से

माजी विद्यार्थ्यांपैकी कुणीतरी मराठी पानासाठी लिहावं, असा निरोप शाळेकडून आला तेव्हा दोन दिवस मी उत्तरच दिलं नाही. माझ्या बॅचचे काही जण आज वर्दीत आहेत. सीमेवरचे, समुद्रावरचे अनुभव त्यांनी लिहावेत. मी एसएसबीतून परत आलेला मुलगा. पुढे इलेक्ट्रॉनिक्स शिकलो आणि आता भिलाईत एका लहानशा वर्कशॉपमध्ये कारखान्यांना लागणारे छोटे कॉम्प्युटर-बोर्ड बनवतो. त्यात कॅडेटांनी वाचावं असं काय असणार?

मग आठवलं, की परेड ग्राउंडवर शिकलेली एक गोष्ट मला याच कामात, अगदी गळ्याशी आल्यावर, उपयोगी पडली होती. ती सांगतो. तिच्याबरोबर माझी एक चूकही सांगावी लागेल, कारण दोन्ही एकमेकींपासून वेगळ्या करता येत नाहीत.

आधी थोडं भिलाईविषयी. नागपूरहून हावड्याकडे जाणारी गाडी गोंदिया, राजनांदगाव, दुर्ग ओलांडते आणि मग भिलाई येतं. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला आणि इथे पोलाद कारखाना उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. तुम्ही सुट्टीत ज्या रुळांवरून घरी जाता, त्यातले कितीतरी रूळ भिलाईत तयार झालेले असतात. कामासाठी देशभरातून माणसं आली, तशी विदर्भातून मराठी कुटुंबंही आली. त्यातलंच एक आमचं. बाबा कारखान्यात मेंटेनन्सला होते. झोतभट्टी एकदा पेटली की वर्षानुवर्षं रात्रंदिवस चालते. बाबा म्हणायचे, "भट्टी आपल्यासाठी थांबत नाही. म्हणून आधी बघायचं, ऐकायचं आणि मग हात लावायचा." मी हे शंभरदा ऐकलं होतं. ऐकणं आणि अंगात मुरणं यात बरंच अंतर असतं.

काही वर्षांपूर्वी आमच्या वर्कशॉपला एका छोट्या फाउंड्रीचं काम मिळालं. तिथे विजेच्या इंडक्शन भट्टीत लोखंड वितळवतात. भट्टीभोवती तांब्याच्या पोकळ नळीचं वेटोळं असतं आणि त्यातून सतत पाणी खेळतं. पाणी थांबलं किंवा फार तापलं तर वेटोळं जळतं. नळी फुटून ते पाणी वितळलेल्या धातूखाली गेलं, तर क्षणात वाफ होऊन स्फोट होतो. आम्हाला बनवायचं होतं ते पाण्याचं तापमान आणि प्रवाह यांवर नजर ठेवणारं, वेळीच हूटर वाजवणारं यंत्र. असे बारा बोर्ड. सर्किट माझं, प्रोग्राम माझा. सोल्डरिंग ककांचं.

छत्तीसगढीत काकांना 'कका' म्हणतात. साठीच्या आसपासचे हे गृहस्थ आमच्याकडे बोर्डामागे मजुरी घेऊन काम करायचे. डोळ्यावर जाड भिंग, पण हात असा की मोहरीएवढे भाग ओळीने बसवत जायचे.

बोर्ड तयार झाले. वर्कशॉपच्या टेबलावर बाराही चालू करून पाहिले, बाराही व्यवस्थित सुरू झाले. पहिले तीन फाउंड्रीत नेऊन लोखंडी पेटीत बसवले, वीज दिली आणि तिन्ही मुके. स्क्रीन काळी, हूटर गप्प. मागे-पुढे करून पाहिलं, काही नाही. परत वर्कशॉपमध्ये आणले, तर एका दमात चालू! पुन्हा फाउंड्रीत नेले, तर पुन्हा मुके. टेबलावर जिवंत आणि जागेवर मेलेले, असा खेळ तीन आठवडे चालला.

त्या तीन आठवड्यांत मी काय केलं नाही? प्रोग्राम तीनदा नव्याने भरला. मेमरी कार्ड बदललं. पॉवर सप्लाय बदलला. वायर बदलल्या. एकाच दिवशी चार-चार गोष्टी बदलायचो. संध्याकाळी डोकं इतकं गरगरायचं, की सकाळी नेमकं काय बदललं होतं तेही आठवत नसे. तिकडे फाउंड्रीतला एक कामगार रोज रात्रपाळीला पाण्याच्या नळीजवळ स्टूल टाकून बसायचा आणि दर दहा मिनिटांनी काट्यावर नजर टाकायचा. ज्या कामासाठी आम्ही यंत्र बनवलं होतं, ते काम तो डोळे ताणून करत होता.

शेवटी मालकांनी विचारलं, "नक्की बिघाड कशात आहे?" मी म्हणालो, "सोल्डरिंग कच्चं असावं. नेताना हादरे बसतात, टाके सुटत असतील."

पुरावा काहीही नव्हता. पण वाक्य पटण्यासारखं होतं, आणि ते बोलल्यावर मला हलकं वाटलं. ककांना नवे बोर्ड देणं थांबलं. बोर्ड नाही म्हणजे मजुरी नाही. तरीही ते दोनदा येऊन बसले आणि त्या तीन बोर्डांचे सगळे टाके भिंगाखाली तपासून, पुन्हा पक्के करून गेले. भांडण नाही, तक्रार नाही. फक्त जाताना विचारलं, "का होगे बाबू?" म्हणजे काय झालं रे? मी मान वर केली नाही.

त्या रात्री घरी झोप लागेना. आणि का कोण जाणे, आपलं परेड ग्राउंड आठवलं.

तुम्हाला हे सांगायला नको. स्क्वाडचं 'दाहिने मुड़' बिघडतं तेव्हा लांबून फक्त गोंधळ दिसतो. कुणाचा पाय आधी पडला, कुणाचा हात हलला, काही कळत नाही. मग उस्ताद ओरडत नाहीत. ते हुकूम देतात, "गिनती से!" आता तीच हालचाल तुकड्यांत करायची. 'एक' म्हटलं की वळायचं आणि तिथेच थिजायचं. उस्ताद रांगेतून फिरतात, बघतात. मग 'दो'. ज्या गिनतीला चूक असते, तिथेच ती पकडली जाते. आठवीत एकदा आमचं अख्खं हाऊस चुकतंय असं वाटत होतं. गिनती से केल्यावर कळलं, की चुकत होता एकच जण, आणि तो मी होतो.

मी उठून बसलो. वही घेतली आणि बोर्ड सुरू होण्याची क्रिया गिनतीने लिहून काढली.

इथे 'बूट' या शब्दाविषयी थोडं. तुमच्यासाठी बूट म्हणजे रात्रीच्या प्रेपनंतर चेहरा दिसेपर्यंत घासायची वस्तू. कॉम्प्युटरचं 'बूट होणं'ही त्याच बुटावरून आलं आहे. आपल्याच बुटाच्या मागच्या पट्टीला धरून स्वतःला वर उचलायचं, अशी एक इंग्रजी कल्पना आहे. वीज मिळाल्यावर कॉम्प्युटर तेच करतो. जागं होण्यासाठी प्रोग्राम लागतो आणि प्रोग्राम चालवायला जागं असावं लागतं! म्हणून तो एकदम उठत नाही, पायरी-पायरीने उठतो.

एक : वीज. चिपला वेगवेगळ्या भागांसाठी वेगवेगळा दाब लागतो. ३.३ व्होल्ट, १.८ व्होल्ट, मेमरीसाठी १.५ व्होल्ट. हे मल्टिमीटरने मोजता येतं.

दो : चिपच्या पोटात कारखान्यातच कोरलेला एक छोटा प्रोग्राम असतो, तो जागा होतो. पुढचा प्रोग्राम कुठून उचलायचा, एवढंच तो ठरवतो.

तीन : तो एक छोटा लोडर उचलतो. लोडर मुख्य मेमरी सुरू करतो आणि मोठ्या लोडरला बोलावतो. आमच्या बोर्डात त्याचं नाव यू-बूट. जर्मनीतल्या वोल्फगांग डेंक यांच्या नावाशी जोडलेला हा प्रोग्राम जगभर वापरला जातो. नावात जर्मन पाणबुडीवरचा श्लेष आहे. नौदलात जाऊ इच्छिणाऱ्यांना तो आवडेल.

चार : यू-बूट लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, मेमरीत आणून त्याच्या हाती सूत्रं देतो.

पाँच : कर्नल फायलींचा साठा उघडतो आणि पहिला प्रोग्राम चालवतो. त्याचा नंबरही १ असतो. त्याच्यामागून बाकीची फौज.

यातली प्रत्येक पायरी आपलं काम करताना काहीतरी बोलते. ते ऐकायला तीन वायर पुरतात. पाठवायची, घ्यायची आणि ग्राउंड. ती सिरियल पोर्टला जोडली, लॅपटॉपवर वेग १,१५,२०० ठेवला, की अक्षरं उमटू लागतात. शब्द कुठे थांबले यावरून गिनती कळते. काहीच उमटलं नाही, तर 'एक' आणि 'दो' तपासा. यू-बूट बोलला आणि कर्नल सुरू करतोय म्हणून गप्प झाला, तर 'चार'. कर्नल भरभरून बोलला आणि शेवटी फायलींचा साठा सापडत नाही म्हणून रडला, तर 'पाँच'.

हे सगळं मला आधी माहीत नव्हतं का? होतं, पुस्तकात शिकलो होतो. पण घाबरलेला माणूस गिनती करत नाही, हात मारत सुटतो.

दुसऱ्या दिवशी एकटाच फाउंड्रीत गेलो. ठरवलं होतं की आज काहीही बदलायचं नाही, फक्त बघायचं. पेटी उघडली. दाब मोजले, सगळे बरोबर. 'एक' ठीक. सिरियल वायर लावून वीज दिली. स्क्रीनवर इंग्रजी 'सी' हे अक्षर उमटलं. पुन्हा सी. पुन्हा सी. सी सी सी सी, एका लयीत.

ही अक्षरं मी आधीही पाहिली होती. टाका सुटल्यामुळे कचरा येतोय, असं म्हणून सोडून दिली होती. त्या दिवशी मी त्यांच्याकडे पाच मिनिटं नुसता बघत बसलो. कचरा असता, तर दर वेळी वेगळा आला असता. इथे तर एकच अक्षर येत होतं, ठरावीक अंतराने. हे कुणीतरी जाणूनबुजून म्हणत होतं.

आमची चिप टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची एएम३३५एक्स या घराण्यातली. बीगलबोन ब्लॅक नावाचा छोटा बोर्ड तुम्ही प्रयोगशाळेत पाहिला असेल, त्यावरही याच घराण्यातली चिप असते. तिचं जाडजूड मॅन्युअल तिथेच उघडलं. उत्तर लिहिलेलंच होतं. साठ्यातून प्रोग्राम मिळाला नाही, की ही चिप सिरियल पोर्टकडे वळते आणि 'सी' पाठवत राहते. अर्थ : मी तयार आहे, प्रोग्राम पाठवा. बोर्ड मेलेला नव्हताच. तीन आठवडे तो हुकूम मागत उभा होता.

म्हणजे चूक 'दो'ला होती. तो चुकीच्या ठिकाणी प्रोग्राम शोधत होता. पण मग टेबलावर बरोबर ठिकाणी कसा शोधायचा?

एवढ्यात लाइट गेली. भट्टीच्या बाजूने धूळ येत होती म्हणून मी पेटीचं दार लावून घेतलं आणि बाहेर चहा प्यायला उभा राहिलो. दहा मिनिटांनी लाइट आली आणि बंद पेटीतून हूटरची छोटी शीळ ऐकू आली. सुरू झाल्यावर बोर्डाने एकदा वाजवायची, अशी मीच घातलेली शीळ. ग्लास हातात तसाच राहिला.

दार उघडलं, तर बोर्ड चालूच होता. वीज बंद करून दार उघडं ठेवून दिली, तर सी सी सी. दार लावून दिली, तर शीळ. तीन वेळा उघडं, तीन वेळा बंद. सहाच्या सहा वेळा तेच.

पेटीच्या दाराला आम्ही एक छोटा स्विच लावला होता. कुणी पेटी उघडली तर नोंद व्हावी म्हणून. फ्रिजच्या दारात असतो तसा. दार उघडलं की तो एक वायर ग्राउंडला जोडतो. ती वायर बोर्डाच्या ज्या पिनवर जात होती, ती पिन मी निवडली होती. आणि ही चिप वीज मिळाल्याच्या क्षणी आपल्या सोळा पिनांकडे बघते. त्यातल्या पाच पिनांवरून ती प्रोग्राम कुठून उचलायचा ते ठरवते. नंतर त्याच पिना इतर कामाला मोकळ्या होतात. मी निवडलेली पिन त्या पाचांतली होती. एक लाख ओहमच्या रोधकाने ती हलकेच वर धरलेली, आणि दाराचा स्विच तिला सरळ खाली ओढत होता. टेबलावर पेटी नाही, दार नाही, स्विच नाही, म्हणून सगळं सुरळीत. जागेवर आम्ही बसवणार दार उघडं ठेवून, तपासणारही दार उघडं ठेवूनच! बोर्ड बंद पडायचा तो फक्त आम्ही त्याच्याकडे बघायला गेलो की.

मला आधी हसू आलं. मग पोटात खड्डा पडला. या पिनांवर सुरुवातीच्या क्षणी बाहेरून काही लादू नका, हे मॅन्युअलमध्ये स्पष्ट होतं. ते पान मी सर्किट काढताना वाचलं नव्हतं. ककांच्या एकाही टाक्यात खोट नव्हती.

खरी परीक्षा आता होती. स्विचची वायर दुसऱ्या पिनवर हलवली की काम फत्ते. मालकांना सांगता आलं असतं, "कनेक्टर बदलला, ठीक झालं." कुणाला कळलं नसतं. स्कूटरवरून परत येताना हे वाक्य मी मनात दोन-तीनदा म्हणूनही पाहिलं. चांगलं जमत होतं.

पण आठवीतला तो दिवसही आठवत होता. उस्तादांनी विचारलं होतं, "किसकी गलती?" मी एक पाऊल पुढे आलो होतो. शिक्षा झाली, ग्राउंडच्या दोन फेऱ्या. त्याआधी माझ्यामुळे सगळं हाऊस उन्हात उभं होतं. मी पुढे आलो तेव्हा ते सावलीत गेलं. इथे मात्र माझ्यामुळे एकच माणूस उन्हात उभा होता, आणि तोही तीन आठवडे.

वर्कशॉपमध्ये मालकांसमोर सांगितलं, "पिन मी चुकीची निवडली. सोल्डरिंग पहिल्यापासून चांगलं होतं." मालक बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हे ककांना तू सांग, मी नाही."

संध्याकाळी ककांच्या घरी गेलो. सगळं सांगितलं आणि माफी मागितली. ते रागावतील किंवा 'जाऊ दे बाबू' म्हणतील, असं वाटलं होतं. त्यांनी दोन्ही केलं नाही. चष्मा लावला, मी आणलेलं सर्किटचं ड्रॉइंग उजेडात धरलं आणि विचारलं, कापायचं कुठे आणि जोडायचं कुठे? दोन दुपारींत त्यांनी बाराही बोर्डांवर एक-एक रेष कापून केसासारखी बारीक वायर दुसऱ्या पिनला जोडून दिली. बुडालेल्या मजुरीचे पैसे मी माझ्या पगारातून नेऊन दिले. त्यांनी ते माझ्यासमोर मोजून घेतले. नको म्हणाले असते तर मला जड गेलं असतं.

बोर्ड बसले, आणि रात्रपाळीच्या कामगाराचं ते स्टूल तिथून हललं.

पुढे एकदा वाचनात आलं, की असा प्रसंग मंगळावरही घडला आहे. जानेवारी २००४ मध्ये नासाची स्पिरिट ही गाडी मंगळावर उतरली आणि अडीच-तीन आठवड्यांत तिच्याशी नीट संपर्क होईना. तिचा कॉम्प्युटर सुरू व्हायचा, कोलमडायचा, पुन्हा सुरू व्हायचा. तिथे मल्टिमीटर घेऊन जाणार कोण? अभियंत्यांनी हाती आलेले तुटक संदेश वाचले आणि संशय एका पायरीवर आणला, ती म्हणजे फायली ठेवायची फ्लॅश मेमरी. मग तिला हुकूम पाठवला, ती मेमरी न वापरता ऊठ. ती उठली. साठलेल्या फायलींचा भार कॉम्प्युटरला पेलत नव्हता. पुढे साठा पुसून नव्याने मांडला आणि ती गाडी २०१० पर्यंत संदेश पाठवत राहिली. कोट्यवधी किलोमीटरवरून केलेलं 'गिनती से'च ते.

तुमच्यापैकी काही जण प्रयोगशाळेत असे बोर्ड हाताळत असाल. त्यांच्यासाठी अनुभवाचे चार शब्द. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि ती वहीत लिहा. सिरियलची वायर ३.३ व्होल्टची आहे ना ते आधी पाहा, ५ व्होल्टने पिन जळू शकते. टेबलावर चालतं म्हणून निश्चिंत होऊ नका, जिथे बसवायचं तिथल्या वायरी, पेटी आणि दारासकट तपासा. आणि निरर्थक वाटणारं अक्षरही टाकून देऊ नका.

पालकांना एकच सांगतो. माझा एसएसबीचा निकाल आला, तेव्हा बाबांनी 'चुकलं कुठे?' असं विचारलं नव्हतं. 'कुठवर पोचलास?' असं विचारलं होतं. तेव्हा मला ते सांत्वन वाटलं. आज वाटतं, की मेंटेनन्सचा माणूस आपल्या सवयीने गिनती करत होता.

आता वर्कशॉपमध्ये नवं सर्किट काढलं, की ते आधी ककांपुढे ठेवतो. ते भिंगातून बघतात आणि त्या पाच पिनांवर बोट ठेवून विचारतात, "इथे दार तर नाही ना?"

जय हिंद!